जिन्यावरचे बाबा

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर तो बसला होता. कोपरं गुडघ्यांवर, डोकं दोन्ही हातांत... आणि स्वतःशीच पुटपुटत होता, "काय सांगू मी तिला? तुम्हीच सांगा, काय सांगू?"

आमच्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर कॅन्सर झालेल्या मुलांचा वॉर्ड आहे. मुलांसमोर रडायचं नाही असं ठरवलेले आई-बाप जिन्याच्या त्या वळणावर येऊन बसतात. मी त्याच वॉर्डातली नर्स. एरवी असं कुणी दिसलं की मी मान खाली घालून, फार घाईत असल्यासारखी निघून जाते. घाई नसते. काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून पाय आपोआप भरभर उचलतात.

त्या दिवशी मात्र माझी सुट्टीची वेळ होती, हातात वाफाळता चहा होता, आणि हा माणूस असा मधोमध बसलेला की ओलांडून जाता येईना.

मी त्याच्या शेजारी बसले आणि कप त्याच्यापुढे धरला.

त्यानं वर पाहिलं. डोळे लाल, पापण्या ओल्या. "अहो, मी—"

"बोलू नका. आधी चहा घ्या."

"पण मी खरं म्हणजे..."

"जेवलात का?"

तो शाळेतल्या मुलासारखा म्हणाला, "नाही."

मी खिशातला बिस्किटांचा पुडा काढला. त्यानं बिस्किटं निमूटपणे खाल्ली. कुणीतरी खातंय हे बघून मला जरा धीर आला. "वॉर्डात मुलगी आहे का?"

"मुलगी," तो म्हणाला. "म्हणजे... कागदावर."

मला वाटलं, केसपेपरबद्दल बोलतोय. "सगळं कागदावरच सुरू होतं हो," मी म्हणाले, आणि माझ्या या शहाणपणाचं माझं मलाच कौतुक वाटलं. त्याला मात्र जोराचा ठसका लागला. मी त्याची पाठ चोळली. तेवढ्यात वरून मला हाक आली. निघताना वळून पाहिलं, तर तो रिकामा कप हातात धरून माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यात आभार होते, आणि आणखीही काहीतरी... चोरी पकडली जाणार हे कळलेल्या माणसाचं असतं तसं.

दुपारी आमचं प्रशिक्षण होतं.

प्रशिक्षणं आम्हाला नवी नाहीत. दरवर्षी कुणीतरी येतं, पडद्यावर चित्रं दाखवतं, नवा पंप कसा चालवायचा आणि हातमोजे कसे काढायचे ते सांगतं, आम्ही डोळे उघडे ठेवून झोपतो. पण यंदा मेट्रनबाईंनी वेगळंच केलं. सगळ्यांना बसवून विचारलं, "तुम्हाला काय शिकायचंय ते तुम्हीच सांगा." मग माई, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या नर्स, म्हणाल्या, "सुई मी झोपेतही लावीन. पण मूल विचारतं, मी बरा होणार का... तेव्हा माझं तोंड शिवल्यासारखं होतं. ते शिकवा." आम्ही सगळ्या आपापल्या मांडीकडे बघत राहिलो, कारण सगळ्यांचं दुखणं तेच होतं.

तर त्या शिक्षणाचा पहिला दिवस. खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "बोलणं हे बोलूनच शिकायचं असतं. त्यासाठी आपल्याकडे एक नट आले आहेत. आज ते एका आजारी मुलीचे बाबा होतील."

दार उघडलं, आणि जिन्यावरचे बाबा आत आले.

मला बघून त्याचे कान लाल झाले. नुसते गुलाबी नाहीत, चांगले लालभडक. माझं काय झालं ते मी सांगत नाही.

माझा नंबर आला तेव्हा मी त्याच्यासमोर ताठ बसले. तो क्षणात बदलला. खांदे पडले, आवाज खोल गेला. "सिस्टर, ती विचारते, बाबा मी बरी होणार ना? मी काय सांगू तिला?"

"चहा झाला का तुमचा?" मी म्हणाले.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पण तो हसला नाही. वाट बघत राहिला, खऱ्या बापासारखा. आणि मला माहीत असूनही, हा खोटा आहे, याची मुलगी कागदावरची आहे हे सगळं माहीत असूनही, माझी नजर दाराकडे गेली. "डॉक्टरांना विचारा," असं म्हणून मी उठले.

"का उठलात?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"सलाईन संपत आली असेल."

"इथे सलाईन नाही."

या वेळी कुणी हसलं नाही.

संध्याकाळी फाटकाशी तो थांबला होता. बारीक बुरबुर लागली होती आणि त्याच्याकडे छत्री नव्हती. माझ्याकडे होती. मी ती उघडली आणि त्याच्या बाजूनं सरळ पुढे गेले.

"सिस्टर, रागावलात?"

"तुमची मुलगी कशी आहे?"

"चांगली पाठ झालीये," तो म्हणाला. "अहो, मी तालीम करत होतो. तुम्ही बोलू दिलंत कुठे? 'बोलू नका' काय, 'चहा घ्या' काय... आणि सगळं कागदावरच सुरू होतं!"

हसू आवरायचा मी फार प्रयत्न केला. छत्री हलली ती त्यामुळेच.

"एक सांगू?" तो छत्रीच्या काठाशी येऊन चालू लागला. अर्धा आत, अर्धा पावसात. "दिवसभरात इतक्या जणी माझ्याशी बोलल्या. पण जिन्यावर तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि जेवलात का विचारलंत, तेव्हा मला खऱ्या बापासारखं भरून आलं. तुम्हाला येतं हे. फक्त कुणी शिकवायला लागलं की येत नाही."

"आणि म्हणून?"

"म्हणून माझ्याबरोबर तालीम करा. पुढचा वर्ग आठवड्यानं आहे. दवाखान्याच्या बागेत बाक आहे. तुमच्या सुट्टीच्या वेळेत येत जाईन मी." जरा थांबून तो म्हणाला, "चहा माझ्याकडून."

मी छत्री थोडी त्याच्या बाजूला सरकवली. अगदी थोडी. फुकटची सवय लागू नये.

मग आम्ही त्या बाकावर बसू लागलो. तो कधी बाबा व्हायचा, कधी रडू न येणारी आई, कधी फोनवर सगळं वाचून आलेला, डॉक्टरपेक्षा हुशार काका. तो काका तर इतका हुबेहूब यायचा की मला त्याला चापट मारावीशी वाटे. मी चुकले की तो भूमिकेतून डोकं बाहेर काढायचा. "तुम्ही फार लवकर धीर देता. माझं दुःख पुरतं सांगून तरी होऊ द्या."

"मग मी काय करू?"

"ऐका की. कानांना काय सुट्टी आहे का?"

एकदा तो बाकावर मांडी घालून बसला, बाहीचं टोक तोंडात धरलं, आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या आवाजात म्हणाला, "सिस्टर, मी मरणार आहे का?" इतका मोठा, दाढीचे खुंट वाढलेला माणूस... मी आधी खळखळून हसले. मग त्याचे डोळे पाहिले, आणि हसू कुठल्या कुठे गेलं. मी काही बोलले नाही. पण उठलेही नाही. झाडाचं एक पान माझ्या टोपीवर पडलं, ते त्यानं अलगद उचललं.

"आज जमलं," तो म्हणाला.

"मी तर बोललेच नाही."

"तेच म्हणतोय."

घरी आत्याचं टुमणं चालूच होतं. आत्या आमच्या वरच्या मजल्यावर राहते आणि माझ्यासाठी स्थळं आणणं हाच तिचा व्यवसाय. "हल्ली तू फार खुशीत दिसतेस," ती म्हणाली. "प्रशिक्षण चाललंय आमचं," मी सांगितलं. आईनं भाजी चिरता चिरता माझ्याकडे नुसतं पाहिलं. आईला शिकवायला कुणी लागत नाही.

आमच्या वॉर्डात तेव्हा एक मुलगी होती. सगळे तिला हेडमास्तरीण म्हणत. वय नऊ, डोक्यावर एक केस नाही, पण रुबाब असा की डॉक्टरसुद्धा चादर नीट करूनच तिच्या खाटेवर बसायचे. त्या दिवशी मी तिच्या छातीवरची पट्टी बदलत होते. औषध द्यायला कातडीखाली एक छोटी डबी बसवतात, तिच्यावरची पट्टी. तिची आई खाली औषधं आणायला गेली होती.

"सिस्टर," ती छताकडे बघत म्हणाली, "माझं औषध काम करत नाहीये ना?"

खरं होतं ते. सकाळीच डॉक्टरांनी आई-बाबांना सांगितलं होतं. तिलाही सांगायचं ठरलं होतं, आणि आई आम्हाला म्हणाली होती, मला जमणार नाही, तिनं विचारलंच तर तुमच्यापैकी कुणीही सांगा. माझे पाय निघायच्या तयारीत होते. मी ते खाटेच्या दांड्याला अडकवले.

"तुला असं का वाटतं गं?"

"बाबा खूप गोड बोलतायत." मग आवाज खाली गेला. "मी त्या औषधाला घाणेरडं म्हणाले होते. दोनदा. म्हणून ते रुसलं का?"

बाकावर इतके आई, बाप, काका झाले होते. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "औषधाला कान नसतात. तू त्याला काहीही म्हण. तुझी काहीच चूक नाही. त्या औषधानं जेवढं करायला हवं होतं तेवढं केलं नाही, म्हणून डॉक्टर आता दुसरं देणार आहेत."

"त्यानं मी बरी होईन?"

"ते मला माहीत नाही. डॉक्टरांना वाटतं, त्याचा उपयोग होईल. मलाही वाटतं. पण नक्की माहीत असतं तर तुला तसं सांगितलं असतं. जे जे कळेल ते मी तुला खरं सांगेन."

तिनं विचार केला. "मग तुमचा हात का थरथरतोय?"

"भीती वाटली मला."

"मला पण वाटते," ती म्हणाली, आणि माझा हात पट्टीसकट धरून ठेवला. थोडी रडली. मग म्हणाली, "पट्टी वाकडी लागलीये." लागली होती. मी परत लावली.

ड्यूटी संपली तेव्हा मला हे एकाच माणसाला सांगायचं होतं. त्यानं सांगितलं होतं, दुपारी नाट्यगृहात तालीम असते. मी जवळजवळ पळतच गेले. आत अंधार होता, रंगमंचावर एकच दिवा. तो एका मुलीसमोर उभा होता. "एक सांगू?" तो तिला म्हणाला, आणि थांबला. तो थांबला ना... त्या थांबण्यातच सगळं होतं. मग हळूच, "मला तुझ्याशिवाय करमत नाही."

ते थांबणं मी ओळखत होते. आदल्याच दिवशी बाकावर तो माझ्यासमोर अगदी तसाच थांबला होता, आणि नंतर 'उशीर झाला, जा तुम्ही' म्हणाला होता. त्या थांबण्यावर मी रात्रभर जागले होते.

तालीम सुटल्यावर त्यानं मला पाहिलं आणि उडी मारूनच खाली आला. मी हेडमास्तरणीचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, डोळे भरून आले. आणि माझ्या मनात आलं, हे पाणी कुठल्या नळाचं?

"तू..." तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "तू मला फार आवडतेस. फार दिवस म्हणायचं होतं."

"हे कितव्या अंकातलं आहे?" मी विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. उतरवला नाही, उतरला. पण तो फरक मला तेव्हा कळला नाही. "तालीम आहे पुन्हा," एवढंच म्हणून तो अंधारात गेला, आणि मी घरी.

पुढचे दिवस बाक रिकामा राहिला. हेडमास्तरणीला नवं औषध सुरू झालं. आधी ताप आला, अन्न जाईना, आम्ही सगळे धास्तावलो. मग एका सकाळी तिनं माईंना हाक मारून सांगितलं की खिडकीचा पडदा धुवायला झालाय. ताप उतरला होता. तपासणीत रक्त सुधारलेलं दिसलं. "अजून लांबचा रस्ता आहे," डॉक्टर म्हणाले, पण ते स्वतःच शीळ घालत जिना उतरले. मी तिला जे कळलं ते खरं खरं सांगितलं. तिनं विचारलं, "मग तुम्ही का रडक्या तोंडाच्या दिसता?"

यावर मात्र मी तिला खरं सांगितलं नाही.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी तो आला. बाबा झाला, सगळ्या जणी त्याच्याशी बोलल्या. माईंनी तर त्याचा हात धरून असं सांगितलं की शिकवणाऱ्या बाईंनीच डोळे पुसले. माझ्याशीही तो बोलला, कामापुरतं. वर्ग संपला, सगळ्या गेल्या. तो एकटाच घडीच्या खुर्च्या मिटून भिंतीला लावत होता.

"दोन राहू द्या," मी म्हणाले. "बसा. मला बोलायचंय."

तो बसला. "मुलीबद्दल?"

"मुलीबद्दलच. मोठी आहे. दवाखान्यात नर्स आहे. एका माणसानं तिला मनातलं सांगितलं, तर तिनं थट्टा केली. कारण तिला भीती वाटली."

"कसली?"

"की तो सगळ्यांपुढे तसाच थांबतो."

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "ते थांबणं माझं नाहीच. वॉर्डाच्या काचेतून मी तुम्हाला बघायचो. सुई टोचायच्या आधी तुम्ही हात धरून तशाच थांबता, पोर रोखलेला श्वास सोडेपर्यंत. मी तेच उचललं आणि नाटकात घातलं. दिग्दर्शक म्हणाले, आता प्रेम दिसतंय." त्यानं मान वर केली. "विचारून घ्यायला हवं होतं."

माझ्या डोळ्यांपुढे खोली जरा धूसर झाली. उठून खिडकी बघून यावी असं फार वाटलं. मी बसूनच राहिले.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. 'तू' म्हणताना जीभ अडखळली, पण गेली पलीकडे. "पुढे काय होईल ते माहीत नाही. तुझ्या प्रयोगाच्या वेळा आणि माझ्या ड्यूट्या कधी जुळतील देव जाणे. पण आवडतोस. हे नक्की माहीत आहे."

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. इतकी पानंच्या पानं पाठ असलेला माणूस... कान मात्र पेटले होते.

"आता... मी काय म्हणायचं असतं?" त्यानं विचारलं.

"तुला माहीत नाही?"

"नाटकात इथे पडदा पडतो."

"इथे शिपाई येतो. खोलीला कुलूप लावायला."

मग तो हसला, मी हसले, आणि हसता हसता त्याचा हात माझ्या हातात कसा आला ते दोघांनाही कळलं नाही. शिपाई आला, दारातच थबकला, आणि उगाचच बाहेर जाऊन किल्ल्या वाजवत राहिला.

रविवारी मी त्याला घरी नेलं.

बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान घरातच आहे, पुढच्या खोलीत. ते एका मशीनच्या पोटात डोकं घालून बसले होते. आई दाराशी, आत्या चष्मा पुसून तयार. बाबांनी स्क्रूड्रायव्हर न ठेवताच विचारलं, "काय करता?"

"मी..." त्यानं घसा खाकरला. "मी आजारी मुलांचा बाबा होतो. म्हणजे... कधी कधी आईपण."

आईनं बाबांकडे पाहिलं.

"किती मुलं आहेत?" आत्यानं विचारलं.

मी त्याला सोडवू शकले असते. पण खरं सांगते, इतकी मजा मला बऱ्याच दिवसांत आली नव्हती. तो आणखी दोन वाक्यं बोलला आणि आणखी खोल रुतला. शेवटी त्यानं हात टेकले. "खरं म्हणजे काका, मी नट आहे. आणि मला आत्ता फार भीती वाटतेय."

बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्याच्याकडे नीट पाहिलं. "हिच्या आजोबांपुढे माझं तोंडच उघडलं नव्हतं," ते म्हणाले. "सगळं हिच्या आईनंच सांगितलं. मी नुसता घाम पुसत होतो."

"अजून पुसताय," आई म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

बाबांनी टेबलावरचा दिवा त्याच्या हातात दिला. "जरा धरा हा. इथे, मशीनच्या खाली."

तो वाकून दिवा धरून उभा राहिला. हात इतका थरथरत होता की उजेड मशीनवरून भिंतीवर, भिंतीवरून आत्याच्या चष्म्यावर नाचत होता. मी त्याच्या शेजारी गेले आणि त्याच्या कोपराखाली हात धरला. उजेड हळूहळू एका जागी आला.

"हां," बाबा मशीनमध्ये बघत म्हणाले, "आता दिसतंय नीट."